देवगड हापूसचा 'टीपी सील' स्टिकर: 5 डझनांच्या पेटीवर करून पाहिलेली तपासणी

माझं माहेर देवगड तालुक्यातलं, आता राहते पुण्यात. एकदा रस्त्याकडेच्या एका विक्रेत्याकडून 'देवगड' छापलेली पेटी आणली. आईने पहिली फोड तोंडात घातली आणि म्हणाली, "ह्यो आपल्याकडचो आंबो न्हय." साल जाड, गर फिका पिवळा. पेटी खरी होती, आतली रद्दीसुद्धा मराठी, आंबा कर्नाटकचा. कर्नाटकचा आंबा वाईट नसतो. पण तो आमच्या गावाच्या नावाने आणि आमच्या भावाने विकला, याचा राग आजही गेलेला नाही.

म्हणून 2025 च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने फळागणिक 'टीपी सील' (टॅम्पर-प्रूफ, म्हणजे छेडछाड केली तर कळणारा) स्टिकर आणला, तेव्हा मी थेट बागायतदाराकडून 5 डझन मागवले. स्टिकरवर एक क्रमांक वर असतो, एक आत दडलेला. वरच्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, मग स्टिकर फाडून उत्तरात आलेला क्रमांक आतल्याशी जुळवायचा. मी वरच्या थरातली 4 आणि मुद्दाम खालच्या थरातली 6 फळं तपासली, कारण भेसळ खालीच होते. दहाही जुळली. एका फळाला मिनिटभर लागलं.

मी 26 वर्षं औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं, त्यामुळे यातली खरी ताकद मला स्टिकर फाटण्यात दिसते. ब्लॉकचेनचं, म्हणजे संगणकावरच्या सामायिक नोंदवहीचं, कौतुक मी खूप ऐकलंय. वॉलमार्ट आणि आयबीएमने त्यावर आंब्याचाच प्रयोग केला होता. कापलेल्या आंब्याच्या पाकिटाचा माग काढायला आधी जवळपास 7 दिवस लागायचे, ते काम 2.2 सेकंदांत झालं. अनेकांकडे एकच वही, मागची नोंद कोणाला गुपचूप खोडता येत नाही, हे मोठंच काम आहे. पण पहिली नोंदच खोटी झाली तर तीही तशीच पक्की होते. वहीतला आंबा आणि हातातला आंबा एकच, हे वही सांगू शकत नाही. ते सांगायला फळावर असं काहीतरी लागतं जे काढून दुसऱ्यावर चिकटवता येणार नाही. शिवाय हे स्टिकर जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणी असलेल्या बागायतदारांना झाडांच्या संख्येवरून मोजून दिले जातात. म्हणजे 100 झाडांच्या मालकाला 1000 झाडांचा माल 'आपला' म्हणून खपवता येत नाही. स्टोअरच्या भाषेत, आवक-जावक जुळते.

माझ्या पेटीत दोन फळांवर स्टिकर नव्हता. बागायतदार म्हणाले, घाईत राहिला. मला पटलं नाही. मोजून दिलेल्या स्टिकरला अर्थ येतो तो प्रत्येक फळावर तो असला तरच. फळं मात्र उत्तम होती, फक्त एकात साका (आत पांढरट, स्पंजासारखा झालेला गर) निघाला. तो आहे का, हे कोणताही क्रमांक सांगणार नाही, कापल्यावरच कळतं.

आईसारख्यांकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी यात काही सोय मला दिसली नाही. आणि मला तोडणीची तारीख हवी आहे, फळ आढीत किती दिवस होतं ते हवं आहे, गाडीत कधी चढलं तेही. इथे ती ब्लॉकचेनची वही खरंच कामाला येईल, कारण बागेपासून बाजारापर्यंत बरेच हात लागतात आणि प्रत्येकाची नोंद वेगळ्या कागदावर असते. संस्थेने ते केलं तर डझनामागे 50 रुपये जास्त द्यायला मी तयार आहे. पुढच्या अक्षय्य तृतीयेच्या पेटीचं त्याच बागायतदारांना सांगून ठेवलंय, साठच्या साठ फळांवर स्टिकर लावण्याच्या अटीवर.