घरचं ऑक्सिजन मशीन, आठ महिन्यांनंतर: मशीनची तक्रार थोडी, बाकीचीच जास्त

नोव्हेंबरात आईसाठी ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतला. घ्यायच्या आधी चार रात्री जागून रिव्ह्यू वाचले तर सगळीकडे एवढंच, डिलिव्हरी वेळेत आली, पॅकिंग चांगलं होतं, धन्यवाद. अरे पण पुढं काय? सहा-आठ महिने घरात रोज पंधरा-सोळा तास हे मशीन चालवल्यावर काय होतं ते कुणीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून मी लिहितोय, जरा मोठं होईल. कंपनीचं नाव टाकत नाही कारण मशीनने तसं फार वाईट वागवलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर गेल्या आठ महिन्यांत आमच्याकडे इतकं काय काय झालंय की कुणाचं नाव घेऊन भांडायची ताकद आता राहिलेली नाही.

आईला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. वय ६८. आयुष्यात बिडी-सिगरेटला हात लावलेला नाही, पण जत तालुक्यात आमच्या गावी तीस-पस्तीस वर्षं चुलीपुढं बसली, तुराट्या, बाभळीचं जळण, शेण्या, आणि स्वयंपाकघराला खिडकी म्हणजे वीतभर. आम्हाला वाटायचं दमा आहे, थंडीत वाढतो, उन्हाळ्यात कमी होतो. गेल्या वर्षी ऑक्टोबरात न्यूमोनिया झाला आणि मिरजेत अकरा दिवस ॲडमिट होती, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की ही धूर खाल्लेली फुफ्फुसं आहेत, आता घरी ऑक्सिजन लागणार, दिवसाला किमान १५ तास. हे ऐकून बाहेर बाकड्यावर बसलो होतो, आणि माझ्या डोळ्यापुढं ती फुंकणीने चूल फुंकताना दिसत होती. आम्हा तिघा भावंडांना गरम भाकरी मिळावी म्हणून तिने तो धूर खाल्ला, दुसरं काही नाही.

आता मशीनचं. शेजारीपाजारी सगळे विचारतात की गॅस भरून कुठनं आणता, तर ह्यात काही भरायचं नसतं. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, मशीन ती हवा ओढून झिओलाईट नावाच्या दाण्यांतून दाबाने पाठवतं, ते दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि साधारण ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन नळीतून येतो. ५ लिटर म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ५ लिटर. आईला १ ते २ वरच ठेवायला सांगितलंय. वजन १६ किलो, खाली चाकं आहेत पण आमच्या जुन्या फरशीवर ती नीट फिरत नाहीत. आवाज आहे, दर काही सेकंदाला ठप्प आणि मग फुस्स, पहिले पंधरा दिवस घरात कुणाला झोप नव्हती. आता उलटं झालंय, आवाज थांबला की मी दचकून उठतो.

किंमत ४७ हजार पडली. मेडिक्लेमवाल्यांनी हॉस्पिटलचं बिल कापून का होईना दिलं, पण मशीनचं बिल सरळ परत पाठवलं, पॉलिसीत बसत नाही म्हणून. ते धरूनच चाला. आणि लाईट बिलाचा हिशोब मांडा, आमचं मशीन साधारण ३५० वॅट खातं, १६ तास म्हणजे रोजचे साडेपाच-पावणेसहा युनिट, महिन्याला १७० च्या आसपास. आमचा आधीचा वापर १२० चा, म्हणजे आता तीनशेच्या काठावर, आणि मार्च-एप्रिलला पंखे सुरू झाल्यावर तीनशेच्या वर जाऊन पुढचा दर लागला. मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे, महिन्याचा एवढा जादा खर्च आमच्यासाठी लहान नाही. आई बिल आलं की विचारते किती आलं आणि मी कमी सांगतो. तिला कळतं. एकदा म्हणाली, "तुझ्या पगारातलं निम्मं ह्या डब्यातच जायला लागलंय की रे." मग दुपारी आम्ही घरात नसताना मशीन बंद करून बसायला लागली, लाईट वाचवायला. मुलगी शाळेतनं आली तेव्हा तिला आजीचे ओठ निळसर दिसले, बोटाला ऑक्सिमीटर लावला तर रक्तातला ऑक्सिजन ७९ टक्के. त्या दिवशी मी आईवर ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा, आणि नंतर गच्चीवर जाऊन रडलो.

ऑक्सिमीटरवरून आठवलं. आईच्या बाबतीत डॉक्टरांनी ८८ ते ९२ मध्ये ठेवा असं स्पष्ट लिहून दिलंय, ९८ च्या मागे लागू नका, कारण तिच्या शरीरात कार्बन डायऑक्साईड साठतो आणि ऑक्सिजन जास्त दिला तर तो आणखी वाढतो. हे नातेवाईकांना समजावणं म्हणजे डोकं फोडून घेणं आहे. जानेवारीत आत्या भेटायला आल्या, त्यांनी ९० आकडा बघितला आणि मी दुकानात गेलो होतो तेवढ्यात मायेपोटी मशीन ४ वर केलं. मी येईपर्यंत आई गुंगीत, हाक मारली तर नुसतं हूं करत होती, डोकं दुखतंय म्हणत होती. नशीब लवकर लक्षात आलं, १ वर आणलं, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लगेच घेऊन यायला सांगितलं, रात्रभर तिथं ठेवून सकाळी सोडलं. आत्यांना काही बोलू शकलो नाही, त्या बिचाऱ्या देवापुढं बसून रडत होत्या. आता गोल बटणाच्या शेजारी मी चिकटपट्टी लावून त्यावर लाल पेनने २ लिहिलंय, त्याच्या वर हात लावायचा नाही. आणि बोट गार असेल किंवा मेंदी लावलेली असेल तर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो, घाबरायच्या आधी बोट चोळून गरम करून परत बघा.

कुणी सांगत नाही अशी दुसरी गोष्ट म्हणजे कान. नाकातली नळी दोन्ही कानांवरून मागं जाते, चोवीसपैकी सोळा तास. तिसऱ्या आठवड्यात आईच्या कानामागं साल निघालं आणि ती सांगेना, पदर डोक्यावर घेऊन झाकून बसायची. बायकोने केस विंचरताना बघितलं. बाजारात त्यासाठी फोमचे तुकडे मिळतात, पण ते आईला टोचायचे. मग हिने आईच्याच जुन्या सुती लुगड्याच्या बोटभर रुंदीच्या चिंध्या काढल्या, इतकं धुतलेलं कापड की हाताला लोण्यासारखं लागतं, त्या नळीला कानाजवळ गुंडाळून दोऱ्याने टाचल्या. दर दोन दिवसांनी बदलतो. आठवड्यात कान बरे झाले. नाक कोरडं पडतं त्याला व्हॅसलीन लावू नका, ऑक्सिजनजवळ तेलकट काही नको, पाण्याचं जेल मिळतं मेडिकलमध्ये ते लावा. ऑक्सिजन ओलसर करायला मशीनला जी बाटली असते त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको, आणि रोज बदला. मागची जाळी दर रविवारी धुवायची, पूर्ण वाळल्याशिवाय बसवायची नाही.

एप्रिलमध्ये रात्री अडीचला पिवळा दिवा लागला आणि मशीन कोकलायला लागलं. शुद्धता कमी झाल्याचा तो दिवा. जाळी साफ होती, सगळं बघितलं. सकाळी ९ वाजता कम्प्लेंट नोंदवली, आणि तिथून पुढं ११ दिवस. आज येतो, उद्या येतो, पार्ट पुण्याहून निघालाय, टेक्निशियन कोल्हापूरला अडकलाय, तुमचा कम्प्लेंट नंबर क्लोज झालाय परत टाका. परत टाका! घरात माणूस श्वासासाठी त्या नळीवर आहे आणि तिकडून एक मुलगी पाठ केल्यासारखं सॉरी फॉर द इन्कन्व्हिनियन्स म्हणते. त्या मुलीचा दोष नाही हे मला कळतं, पण मग बोलायचं कुणाशी? ते ११ दिवस रोज २०० रुपये भाड्याने दुसरं मशीन आणलं. त्यात मार्चमध्येच हिची गाडी वाळूवरून घसरली होती, उजव्या मनगटाला प्लास्टर, म्हणजे आईचं, हिचं, मुलीच्या नववीच्या परीक्षेचं, डब्याचं, सगळं माझ्यावर आणि वर इयर एंडिंगमुळे ऑफिसात रात्रीचे आठ. प्लास्टर निघतंय तोवर हे मशीन. एक झालं की दुसरं दारात उभंच. टेक्निशियन आला तेव्हा वीस मिनिटांत काम झालं, आतला एक व्हॉल्व्ह बदलला, मुलगा चांगला होता, आईच्या पाया पडून गेला. वीस मिनिटांचं काम आणि ११ दिवस.

पण खरी गोष्ट लाईटची. मशीन घेताना मला कुणीतरी धरून सांगायला हवं होतं की बाबा, आधी लाईटची सोय कर, मग मशीन आण. आमच्याकडे जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर होता, त्यावर मशीन लावलं की घूं घूं करून तापायचं. मग कर्ज काढून साईन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईटसारखीच वीज देणारा इन्व्हर्टर घेतला, ९०० व्हीएचा, १५० एएचची बॅटरी. दुकानदार म्हणाला आरामात सहा तास. मशीन आणि एक पंखा, तीन-सव्वातीन तास मिळतात, त्याच्या वर नाही. शिवाय उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्याला स्टॅबिलायझर वेगळा.

मे महिन्यातला वळीव. साडेसहाला वारा सुटला, आमच्या गल्लीच्या तोंडाचं गुलमोहराचं झाड तारांवर पडलं आणि लाईट गेली. लाईनमन लोक पावसात भिजत खांबावर चढलेले मी डोळ्यांनी बघितले, त्यांना दोष नाही. साडेनऊला इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. म्हटलं काळजी नाही, बी टाईपचा सिलेंडर भरून ठेवलाय, त्यात १५०० लिटर असतो, २ वर लावला तरी बारा तास. सिलेंडर ओढून आणला, तर चावी सापडेना. टॉर्च तोंडात धरून मी माळा, कपाट, गॅलरी सगळीकडे शोधतोय, आई अंधारात पलंगाच्या काठावर दोन्ही हात गुडघ्यावर टेकून बसलेली, खांदे वर-खाली, आणि तशातही मला म्हणते, "सावकाश बघ, पडशील." चावी मुलीला सापडली, सिलेंडरच्याच टोपीत सुतळीने बांधलेली, मीच बांधली होती. उघडली तर सूंऽऽ करून बाजूनेच गॅस जातोय, वॉशर गेलेला. गेजवर १५० पाहिजे तिथं ९०. खालच्या मजल्यावरचे काका प्लंबिंगचं काम करतात, ते पाना घेऊन धावत वर आले, तेलकट हात बघून मी त्यांना आधी साबणाने हात धुवायला लावले, त्या अवस्थेतही ते आठवलं ही देवाची कृपा. रेग्युलेटरच्या डबीत जादाचा वॉशर होता, तो बसवला. ८४ वर होती ती हळूहळू ८९ वर आली. लाईट रात्री दोनला आली. तोपर्यंत काका आमच्या उंबऱ्यातच बसून होते, चहा सुद्धा घेतला नाही.

तेव्हापासून दर पहिल्या तारखेला सिलेंडरचा गेज बघतो, वॉशर चार आणून ठेवलेत, चावी दाराच्या खुंटीला टांगलीय.

आता पावसाचं टेन्शन. आम्ही सांगलीत कृष्णेकाठी गावभागात राहतो, २०१९ ला तळमजला पूर्ण पाण्यात गेला होता, तेव्हा आम्ही खालीच होतो, आता वरच्या मजल्यावर आलोय. पण पाणी आलं की लाईट बंद करणार, आणि कितीही बॅटरी असली तरी पूर चार-चार दिवस उतरत नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ ला धोका, आमच्या घराचा नियम ३५ चा. कोयनेतून विसर्ग वाढवला असं ऐकलं की मी बॅग भरतो. १६ किलोचं मशीन, बी टाईप, नळ्या, डॉक्टरांची फाईल, सगळं घेऊन मिरजेला मावशीकडे. एकदा जाऊन आलो, पाणी ३७ वरून उतरलं. लोक म्हणाले घाई केली. करू दे.

मशीनला पाचपैकी साडेतीन, सर्व्हिसला एक. तेवढा एकही त्या पाया पडून गेलेल्या मुलासाठी.

एक राहिलं. ऑक्सिजन सुरू असताना आजूबाजूला ज्योत चालत नाही, गॅस नाही, उदबत्ती नाही, निरांजन नाही. आईला पहिल्याच दिवशी हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी दिवेलागणीला नुसती देव्हाऱ्याकडे बघत बसली. सासरी आल्यापासून तिने एक दिवस दिवा चुकवला नव्हता. आता मुलीने सोय काढलीय. देव्हारा स्वयंपाकघराच्या पलीकडच्या भिंतीला नेला, मशीन आतल्या खोलीत. मुलगी दिवा लावते, आई खोलीच्या दारात नळी लावून उभी राहते, आणि तिथूनच शुभंकरोती म्हणते. पूर्ण एका दमात होत नाही, मध्ये दोनदा थांबते, आणि ती थांबली की मुलगीही थांबते, पुढची ओळ आजी सुरू करेपर्यंत.