विषय देणारी मारी, ग्रंथ घेणारी इझाबो

मध्ययुगीन फ्रान्समध्ये साहित्याला आश्रय देणाऱ्या या दोघी. पण आश्रय देण्याची तऱ्हा अगदी वेगळी.

फ्रान्समधल्या शाम्पेन प्रांताची काउंटेस मारी (1145–1198) त्र्वा शहरातल्या दरबारात बसून कवीला थेट विषयच द्यायची. राजा आर्थरचा सरदार लान्सलॉट याच्या प्रेमकथेच्या आरंभी कवी क्रेतियाँ द त्र्वा स्वतःच सांगतो, की कथावस्तू आणि तिचा आशय काउंटेसचा. आपले फक्त कष्ट. ही निव्वळ स्तुती की हळूच झटकलेली जबाबदारी? कारण परपुरुषात, म्हणजे लान्सलॉटमध्ये, गुंतलेल्या आर्थरच्या राणीची ही कथा त्याने पूर्ण केलीच नाही. शेवट गोदफ्रुआ नावाच्या दुसऱ्याने लिहिला. क्रेतियाँला विषय रुचला नसावा, ही अभ्यासकांची अटकळ मला पटते. नवरा धर्मयुद्धावर असताना आणि त्याच्या मृत्यूनंतर मारीने राज्यकारभारही चालवला. फर्मावणे तिच्या अंगवळणीच पडले असणार.

फ्रान्सची राणी इझाबो हिचे उलटे. तिच्याकडे 1414च्या सुमारास आलेला ग्रंथ तयारच होता. त्यात विषय लेखिकेचे, निवडही तिचीच. ही लेखिका, क्रिस्तीन द पिझाँ, पंचविशीत विधवा झालेली, पदरी तीन मुले, आणि लेखणीवर संसार. त्या भव्य हस्तलिखिताच्या पहिल्या चित्रात ती गुडघे टेकून राणीला ग्रंथ देते आहे. भोवती सख्या, शेजारी कुत्राही. आज तो ग्रंथ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

मला स्वतःला इझाबोच्या दालनातले चित्र अधिक भावते. तिथे देणारी आणि घेणारी, दोघीही बायका आहेत.