बॉम्ब, किचन की अंतराळयान: मिळून खेळायला कोणता गेम घ्यावा?

चौघं जमले की काय खेळायचं, असं विचारलं की तीन नावं हमखास पुढे येतात: 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स', 'ओव्हरकुक्ड' आणि 'स्पेसटीम'. तिन्हींत वेळ अंगावर येतो आणि बोलल्याशिवाय पान हलत नाही. पण बोलणं प्रत्येकात वेगळं आहे, आणि निवड त्यावरूनच करावी.

माझी पहिली पसंती 'कीप टॉकिंग'ला. कॅनडातल्या स्टील क्रेट गेम्सचा हा २०१५ चा गेम. बॉम्ब एकालाच दिसतो. तो निकामी कसा करायचा याचं २३ पानी मॅन्युअल बाकीच्यांकडे, आणि त्यांनी स्क्रीनकडे बघायचं नाही. खरा कस चिन्हांच्या कीपॅडवर लागतो. समोर चार चिन्हं असतात. ती चारही ज्या रकान्यात आहेत तो मॅन्युअलवाल्यांनी शोधायचा आणि वरून खाली त्याच क्रमाने बटणं दाबून घ्यायची. नुसतं 'चांदणी आहे' म्हणून भागत नाही, कारण भरीव चांदणी वेगळी आणि पोकळ वेगळी. 'सी आहे, मध्ये टिंब' म्हटलं की पलीकडून विचारणा होते, 'तोंड कुठल्या बाजूला?' चूक झाली की घड्याळ आणखी जोरात पळायला लागतं.

मुंबईकरांना हा गेम विशेष सोयीचा आहे. प्रत एकच लागते, मॅन्युअल फुकट मिळतं. एक मित्र विरारला आणि दुसरी पनवेलला असली तरी साध्या फोन कॉलवर डाव रंगतो. जन्मात गेम न खेळलेली आईसुद्धा मॅन्युअल घेऊन बसू शकते आणि तिच्यावाचून बॉम्ब सुटत नाही. मला या गेमचं सगळ्यात जास्त कौतुक आहे ते याचं. अडचण एवढीच की मॅन्युअल इंग्रजीत वाचायचं म्हटलं तर सगळ्यांनाच ते झेपेल असं नाही. अशांना चक्रव्यूहाचं पान द्या, तिथे आकृत्याच बघायच्या असतात.

'ओव्हरकुक्ड'मध्ये स्क्रीन सगळ्यांना दिसते, त्यामुळे वर्णन करायची गरजच नाही. इथे कामं वाटायची: कांदा कोण चिरतंय, सूप उतरव, बशा धू, अरे आग लागली! मजा भरपूर, पण कंट्रोलरला हात न लावलेला माणूस पहिला अर्धा तास भिंतीला धडकत राहतो आणि बाकीचे त्याच्यावर ओरडतात. शिवाय कामं एकदा ठरली की बोलणं कमी होत जातं. सगळे सराईत असतील, दोन-चार कंट्रोलर हाताशी असतील, तर मात्र बेलाशक घ्या. घेताना २०१८ चा दुसरा भाग घ्या, त्यात ऑनलाइनही खेळता येतं.

'स्पेसटीम' फोनवरचा, फुकट, २०१२ चा. प्रत्येकाच्या फोनवर वेगळी बटणं, आणि तुम्हाला आलेली सूचना बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच बटणाची. मग सगळे एकदम ओरडतात. लघुग्रह आले की सगळ्यांनी फोन हलवायचे. रात्री अकरानंतर चाळीत हा काढू नका. पण आपली मंडळी अशा खेळांत रमतात का हे बघायचं असेल, तर पैसे घालण्याआधी हाच उतरवा.