अँकी: काम चोख, पण वीस कार्डांचा सापळा ओळखा

फ्लॅशकार्डच्या ॲप्समध्ये अँकी दिसायला सगळ्यात रूक्ष आणि कामाला सगळ्यात चोख. २००६ पासून चालू असलेलं हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर मोफत आहे, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड या नावाने मोफत आहे. आयफोनच्या ॲपसाठी तेवढे एकदाच पैसे मोजावे लागतात.

प्रश्न दिसतो, उत्तर आधी मनात आठवायचं, मग कार्ड उलटायचं आणि अगेन, हार्ड, गुड, ईझी यांपैकी एक बटण दाबायचं. ते कार्ड पुन्हा कधी दिसणार हे त्यावर ठरतं. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवायला लागलं की गोष्ट जास्त टिकते, आणि विसरायच्या बेतात असताना आठवली तर आणखी टिकते. अँकीचा सगळा डोलारा या दोन गोष्टींवर उभा आहे.

बटणांबाबत मात्र बहुतेकांची गफलत होते. हार्ड म्हणजे ‘आठवलं, पण कष्टाने’. उत्तर आठवलंच नाही आणि मन राखायला हार्ड दाबलं, तर ॲप ते कार्ड पास झालं असं धरतं आणि पुढचा अवकाश फाजील लांबतो. सुरुवातीला अगेन आणि गुड ही दोनच बटणं वापरावीत. काही बिघडत नाही.

सेटिंग्जमध्ये एफएसआरएस, म्हणजे कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ठरवणारी नवी पद्धत, चालू करा. २०२३ च्या २३.१० आवृत्तीपासून ती अँकीतच आहे. जुनी पद्धत सुपरमेमो या आधीच्या सॉफ्टवेअरच्या एसएम-२ या सूत्रावर बेतलेली. तिच्यात पाठ झालेलं कार्ड विसरलं की त्याचा गुणक (पुढचा अवकाश किती पटीने वाढवायचा तो आकडा) २५० टक्क्यांवरून २० अंकांनी उतरतो, आणि सहा वेळा चुकलेलं कार्ड १३० टक्क्यांपाशी अडकून सारखं समोर येत राहतं. एफएसआरएसमध्ये मुख्य आकडा एकच: किती टक्के आठवायला हवं. तो मुळात ०.९० असतो, म्हणजे पाळी आलेल्या दहा कार्डांपैकी साधारण नऊ आठवतील. तो ०.९७ केला तर रोजचं काम बेसुमार वाढतं आणि पदरात पडतं थोडंसंच. शिकण्याच्या पायऱ्या, म्हणजे नवं कार्ड पहिल्यांदा किती वेळाने पुन्हा दाखवायचं ते, एका दिवसाच्या आतच ठेवा. १ आणि १० मिनिटं या मूळच्या पायऱ्या पुरतात.

आता सापळा. अँकी रोज २० नवी कार्डं देतं. पहिल्या आठवड्यात हे किरकोळ वाटतं, पण नेम चालू ठेवला तर रोजच्या उजळण्या २०० च्या घरात जातात. वर उजळण्यांची मूळ मर्यादाही २००च असल्याने त्यापुढचा साठा दिसत नाही, आत साचत जातो. ७ ते १० नव्या कार्डांनी सुरुवात करावी. थकबाकी झालीच तर नवी कार्डं शून्यावर आणून आधी जुनी फेडावीत.

पण अँकी सोडून देण्याचं खरं कारण बहुधा सेटिंग नसतं, कार्डच वाईट असतं. ‘हृदयाची रचना सांगा’ हे कार्ड नव्हे, निबंधाचा प्रश्न आहे. अर्धं आठवलं तर कुठलं बटण दाबणार? एका कार्डात एकच गोष्ट हवी: ‘डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामध्ये कोणती झडप?’ उत्तर: द्विदल. इथे पुढची अडचण येते. उजवीकडच्या त्रिदल झडपेचं कार्डही असंच दिसतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात. मग प्रश्नातच खूण घालावी: ‘ऑक्सिजनयुक्त रक्त कोणत्या झडपेतून निलयात उतरतं?’ आकृत्यांसाठी चित्राचा भाग झाकण्याची सोय आता अँकीतच आहे, ती वापरा. आठ वेळा विसरलेल्या कार्डावर ॲप ‘लीच’ (जळू) असा शिक्का मारतं. अशा कार्डावर आणखी घोकंपट्टी करू नका, ते मोडून नव्याने लिहा.

क्रमवार याद्यांना अँकी कच्चं आहे. बारा पायऱ्यांची प्रक्रिया असेल तर आधी ओळखीच्या घरातल्या जागांवर एकेक पायरी मनाने ठेवावी आणि कार्डावर फक्त ‘चौथ्या जागी काय?’ असं विचारावं. दुसऱ्यांनी बनवलेले तयार संच मोहात पाडतात. न समजलेला मजकूर त्यांतून पाठ होईलही, पण वेगळ्या शब्दांत विचारला की हातात काही उरत नाही.

फोन आणि संगणकावरची कार्डं जुळवून घेणारं सिंक मोफत आहे, तरी एक जपा. कधीकधी ॲप अपलोड की डाउनलोड असं विचारतं. तिथे चुकीचा पर्याय निवडला तर एका बाजूचं काम पुसलं जातं, म्हणून मोठे बदल करण्याआधी दोन्ही उपकरणं सिंक करावीत आणि अधूनमधून मीडियासकट पूर्ण संग्रह एक्स्पोर्ट करून ठेवावा.

परीक्षा परवावर आली असेल तर अँकी नव्याने बसवू नका. साधं कागद झाकून आठवणंच त्या वेळी जास्त उपयोगी.