दूरदर्शन पाहायचंय, पण कशावर? फ्री डिश, वेव्हज की यूट्यूब

केबलचा रिचार्ज संपला की सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत हल्ली एकच विषय निघतो: पुन्हा पैसे भरायचे, की बंदच करायचं? शेजारच्या काकूंनीही परवा तेच विचारलं. त्या घरात तेलुगू बोलतात, सून कन्नड मुलखातली, नातवंडं मराठी शाळेत. "सातच्या बातम्या, एकादशीची पूजा आणि आमच्या भाषेतलं थोडंफार, एवढंच लागतंय की ओ," असं त्यांचं म्हणणं. हे सगळं दूरदर्शनकडे आहे आणि ते घरी आणायचे आज तीन रस्ते आहेत. गच्चीवरची जुनी अँटेना त्यात धरू नका. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने जमिनीवरची बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपणं २०२२पर्यंत बंद केली.

पहिला रस्ता डीडी फ्री डिशचा. दूरदर्शनची ही उपग्रह सेवा डिसेंबर २००४मध्ये सुरू झाली. छत्री, बॉक्स आणि बसवणाऱ्याची मजुरी असा एकदाच खर्च. पुढे महिन्याला काही नाही आणि इंटरनेटही लागत नाही. मराठीसाठी सह्याद्री, कन्नडसाठी चंदना, तेलुगूसाठी यादगिरी आणि सप्तगिरी मिळतात, म्हणजे काकूंचं अख्खं घर एका रिमोटवर आलं. खासगी वाहिन्यांची यादी मात्र फ्री डिशवरच्या जागांच्या लिलावाप्रमाणे बदलते. एक एप्रिलच्या आसपास एखादी वाहिनी गायब झाली तर बॉक्स बिघडला असं समजू नका, आधी पुन्हा स्कॅन करून पाहा. जोराच्या पावसात चित्र अडकतं. आणि मुख्य अडचण अशी की वेळ चुकली की कार्यक्रम चुकला. यंत्रमागावर दुसऱ्या पाळीला असलेल्या माणसाला संध्याकाळी सातच्या बातम्या कशा दिसणार?

त्याच्यासाठी वेव्हज. प्रसार भारतीचं हे ॲप २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. सुरुवातीलाच ६५ थेट वाहिन्या आणि बारापेक्षा जास्त भाषा जाहीर झाल्या. थेट वाहिन्या, आकाशवाणी आणि दूरदर्शनचा जुना साठा असं सगळं एका जागी आहे. मला यातलं मोलाचं वाटतं ते हा जुना साठा. ज्या मालिका आमच्या आईवडिलांनी शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून एकदाच पाहिल्या, त्या आता रात्री अकरा वाजता, जेवण झाल्यावर, आपल्या सवडीने लावता येतात. बरंचसं फुकट आहे, काही पैसे देऊन. खरा खर्च डेटाचा. साध्या दर्जाचं चित्रही तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी खातं. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर दोन-तीन तासांत हिशेब संपला. घरात वायफाय नसेल तर वेव्हज हे घरातल्या एकाचं साधन होईल, घराचं नव्हे. टीव्हीवर लावायचं असेल तर तुमच्या टीव्हीच्या ॲप स्टोअरमध्ये ते दिसतंय का, हे आधी बघून घ्या.

तिसरा रस्ता यूट्यूबचा, आणि इथे जरा थांबतो. आषाढीला पहाटे अडीचच्या सुमारास पंढरपुरात शासकीय महापूजा सुरू होते. आपल्याच जिल्ह्यातली, पण त्या गर्दीत सगळ्यांना कुठे जाता येतं? सह्याद्रीच्या यूट्यूब वाहिनीवर मी ती पाहतो तेव्हा बाजूला लोकांचे संदेश वाहत असतात. कुणी 'राम कृष्ण हरी' लिहितं, कुणी आपल्या गावाचं नाव टाकतं. घरात एकटा जागा असलो तरी पाहणारा मी एकटा नसतो. छत्रीवर चित्र जास्त स्वच्छ येईल, पण ही सोबत तिथे नाही. वेव्हजवरही मला अशी गर्दी भेटलेली नाही. शिवाय बातमीपत्र नंतर पाहता येतं आणि हवा तो व्हिडिओ मामाच्या व्हॉट्सॲपवर सरळ पाठवता येतो.

पण यूट्यूब ही दूरदर्शनची स्वतःची जागा नाही. बातम्या संपल्या की पुढे काय लागेल ते दूरदर्शन ठरवत नाही. लहान मुलांच्या हाती फोन असेल तर हा मुद्दा हलका समजू नये.

बाहेरच्या देशांतल्या सार्वजनिक वाहिन्यांनी सवडीने पाहणं आणि पाहणाऱ्यांची सोबत ही घडी स्वतःच्याच जागेत बसवायची धडपड केली. ब्रिटनच्या बीबीसीने कार्यक्रम नंतर पाहायची आयप्लेअर ही सोय डिसेंबर २००७मध्ये आणली. तेव्हा कार्यक्रम सात दिवस राहायचा, २०१४पासून तीस दिवस, आणि २०१९मध्ये बहुतेक कार्यक्रम वर्षभर ठेवायला परवानगी मिळाली. त्याचा भार तिथल्या घरांनी टीव्हीसाठी भरायच्या परवाना शुल्कावर आहे आणि आयप्लेअर आपल्याला इथून पाहता येत नाही. नॉर्वेच्या एनआरकेने २०१५मध्ये एक तरुणांची मालिका तुकड्यातुकड्यांत स्वतःच्या संकेतस्थळावर टाकली. कथेत मंगळवारची दुपार असेल तर तुकडाही मंगळवारी दुपारीच यायचा, आणि पात्रांची समाजमाध्यमांवर खातीसुद्धा होती. मुलं त्याची वाट पाहत आणि आपसांत बोलत. वेव्हजने हे शिकावं असं मला मनापासून वाटतं. जुना साठा हातात आहे, भाषा आहेत; त्याभोवती माणसं जमवणं बाकी आहे.

काकूंना मी फ्री डिशच बसवायला सांगितलं, कारण त्यांच्या घरी टीव्ही चौघं मिळून पाहतात आणि वायफाय नाही. पाळीवर जाणाऱ्या मुलाने फोनवर वेव्हज घ्यावं. एकट्या राहणाऱ्या किंवा शिकायला पुण्याला गेलेल्या सोलापूरकराला छत्री कशाला? त्याने यूट्यूबवर सह्याद्रीची वाहिनी सबस्क्राइब करून ठेवावी. ज्यांच्याकडे वायफाय आणि स्मार्ट टीव्ही दोन्ही आहे, त्यांनी आधी महिनाभर वेव्हजच वापरून पाहावं.

छत्री घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी गच्चीवर जाऊन आग्नेयेकडे तोंड करून उभं राहावं. सोलापुरातून फ्री डिशचा उपग्रह त्या दिशेला, बऱ्यापैकी उंचावर येतो. मध्ये शेजाऱ्याचा नवा मजला किंवा पाण्याची टाकी येत असेल, तर जागा बदलता येते का ते बसवणाऱ्याला त्याच वेळी विचारा.