अल्बुकर्कीचं फ्रंटियर आणि ती हिरवी मिरची
अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात कुठेही खायला बसा, पहिला प्रश्न येतो "रेड ऑर ग्रीन?" म्हणजे लाल मिरची की हिरवी, आणि हा चक्क त्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे! दोन्ही हव्या असतील तर "ख्रिसमस" म्हणायचं.

तिथल्या अल्बुकर्की शहरातलं फ्रंटियर हे रेस्टॉरंट युनिव्हर्सिटीच्या समोरच, सेंट्रल ॲव्हेन्यूवर, म्हणजे रूट ६६ या जुन्या प्रसिद्ध महामार्गावर, १९७१ पासून चालू आहे. मी ब्रेकफास्ट बरिटो (पोळीसारख्या टॉर्टियाची गुंडाळी) घेतला, आत अंडं, बटाटा, चीज आणि भाजलेली हिरवी मिरची. काय सांगू, पहिल्या घासाला नुसता तो खमंग जळका वास येतो, आपण गॅसवर मिरची भाजून साल काढतो ना अगदी तसा, आणि तिखटपणा मागून हळूहळू चढतो. ठेच्यासारखी झणझणीत नाही, गर जाड आणि किंचित गोडसर. याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या एका ठिकाणी खाल्लेला बरिटो पाणचट होता, मिरची नावालाच, त्यामुळे हा जास्तच आवडला.

नंतर स्वीट रोल घ्याच, बशीएवढा, दालचिनीचा, बटरने निथळणारा. गरमच खा.

जमलं तर ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये जा, तेव्हा हॅच गावाकडची ताजी मिरची येते आणि दुकानांबाहेर जाळीच्या फिरत्या पिंपात गॅसच्या ज्वाळेवर भाजतात, तडतड आवाज आणि वास पार्किंगभर. मी एक पिशवी भाजून घेतली, घरी सोलून फ्रीजरमध्ये ठेवलीये, पिठल्यात घातली तर अप्रतिम लागते!