२५० वॅटचा हब मोटर किट: मोटर कायद्यात, सेटिंग कायद्याबाहेर

साध्या सायकलला बसणारा हा ३६ व्होल्टचा किट, मोटर चाकाच्या मध्यभागी (हबमध्ये) असते. मोटरवर २५० वॅट कोरलेलं आहे, पण मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर १५ अँपियरचा, म्हणजे चढावर ५४० वॅटपर्यंत वीज खेचतो. हे बेकायदा नाही. युरोपात मर्यादा सलग चालणाऱ्या रेटेड शक्तीची असते, क्षणिक ओढीची नाही. भारतातही मोटर ३० मिनिटं सलग देऊ शकते ती शक्ती बघतात.

खरी मेख डिस्प्लेत आहे. वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर ठेवून चाकाचा आकार २६ ऐवजी २० इंच भरला, की कंट्रोलर फसतो आणि सायकल ३२ च्या पुढे जाते. या मेनूला पासवर्डच नाही! नेदरलँड्समध्ये पोलीस सायकल रोलरवर चढवून वेग मोजतात; तिथे स्क्रीनवरचा आकडा कोण विचारतो? ब्रिटनमध्ये अशी सायकल मोटरसायकल ठरते आणि विमा नसल्याने जप्तही होऊ शकते.

सोबतचा थ्रॉटल (हाताने वेग देणारी मूठ) युरोपात जोडू नये. पॅडल न मारता सायकल पळाली तर साधी सायकल म्हणून मिळणारी सवलत गेली.

बसवताना टॉर्क आर्म (अ‍ॅक्सलला फिरू न देणारी धातूची पट्टी) विसरू नका, तो किटमध्ये येत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या काट्यात अ‍ॅक्सल फिरला की वायर पिळून तुटते. ब्रेकचा कट-ऑफ मात्र उत्तम, लिव्हर हलताच मोटर बंद. पॅडल थांबल्यावर मोटर थोडी उशिरा थांबते. पॅडल सेन्सर बसवताना चुंबकाची चकती सेन्सरपासून ३ मिलिमीटरच्या आत आणा.

पाचपैकी तीन तारे. मेनूला कुलूप असतं तर चार.